पेवात किती पोती?

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ‘रूनस्केप’ नावाच्या ऑनलाइन खेळात वर्षानुवर्षं एका खेळाडूच्या थैलीत जास्तीत जास्त एवढीच सोन्याची नाणी मावत. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी २००१ साली हा खेळ सुरू केला. नाण्यांच्या हिशेबासाठी त्यांनी संगणकात जो खण ठेवला, त्यात याहून मोठा आकडा बसत नव्हता. इतकी नाणी कुणाकडे जमतील हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसावं. त्याच वर्षीच्या नाताळात खेळाडूंना गंमत म्हणून रंगीत कागदी टोप्या वाटल्या गेल्या. टोपी घातल्याने ताकद वाढत नाही, जखम भरत नाही, ती नुसती डोक्यावर दिसते. मूळ खेळात त्याच टोप्या पुन्हा वाटल्या नाहीत. खेळाडू लाखांनी वाढत गेले, आणि खेळ सोडून गेलेल्यांबरोबर कितीतरी टोप्या कायमच्या बंद खात्यांत अडकल्या. टोपीचा भाव चढत चढत त्या थैलीच्या तोंडापर्यंत आला आणि एक दिवस त्याही वर गेला. मग घेणारे पूर्ण थैली रिकामी करून वर आणखी दुर्मीळ वस्तू मोजून देऊ लागले. चलनाचा सगळ्यात मोठा आकडा एका कागदी टोपीला अपुरा पडला.

हा प्रसंग सातारा-सांगलीच्या वाचकांसमोर मांडण्याचं कारण आहे. अशा खेळांतले बाजार, त्यातली महागाई, तिथे भाव चढवण्यासाठी खेळाडूंनी केलेल्या टोळ्या यांच्याबद्दल वाचत गेलं की सांगलीचं हळदीचं यार्ड पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतं. सौदे तेच, तेजीवाले-मंदीवाले तेच, अफवाही त्याच. फरक एका ठिकाणी आहे, आणि माझ्या मते आपल्या शेतकऱ्याचं बरंचसं नुकसान त्या एका फरकातून होतं. तो फरक दाखवण्यासाठी हा लेख.

आधी खेळातल्या महागाईबद्दल. अशा खेळात राक्षस मारला की त्याच्या अंगातून नाणी पडतात. ती कुणाच्या खिशातून आलेली नसतात, त्या क्षणी नव्याने तयार होतात. दिवसरात्र लाखो लोक राक्षस मारत असतात, शिवाय माणसाऐवजी संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारी खोटी खाती झोप न घेता तेच काम करत असतात. म्हणजे नळ अखंड वाहतो. खेळ बनवणारे म्हणूनच नळाबरोबर मोरीचाही विचार करतात: हत्यार दुरुस्त करायला नाणी लागतात, प्रवासाला लागतात, मेल्यावर सामान सोडवायला लागतात, आणि ही नाणी कुणालाही न मिळता नाहीशी होतात. मोरी तुंबली की टोपीचं जे झालं ते सगळ्याच वस्तूंचं होतं. रूनस्केपची जुनी आवृत्ती २०१३ पासून वेगळी चालवली जाते. तिच्या बाजारात २०२१ च्या डिसेंबरात प्रत्येक विक्रीवर एक टक्का कर बसला, पुढे तो दोन टक्के झाला. जमलेल्या नाण्यांतला काही भाग बाजारातल्या अति झालेल्या वस्तू विकत घेऊन नष्ट करायला वापरला जातो. आइसलँडमधल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळाने तर २००७ साली एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञालाच नोकरीवर घेतलं. त्या खेळाचा आर्थिक अहवाल दर महिन्याला प्रसिद्ध होतो: किती चलन तयार झालं, किती नष्ट झालं, कोणत्या प्रदेशात किती खाणकाम झालं, किती माल जळाला, किती विकला गेला.

ही झाली महागाई. भाव पाडणं-चढवणं ही वेगळी कला आहे, आणि ती फार जुनी आहे.

रूनस्केपमध्ये नोव्हेंबर २००७ मध्ये एक मध्यवर्ती पेठ सुरू झाली. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपनीने प्रत्येक वस्तूला एक दर लावला आणि सौदा त्या दराच्या पाच टक्के वर किंवा खाली एवढ्याच मर्यादेत होऊ दिला. हेतू चांगला होता. पण थोड्याच दिवसांत खेळाडूंचे गट उभे राहिले. गटाचे म्होरके कुणाला न सांगता एखादी कमी उलाढालीची वस्तू गोळा करत. मग हजारो सदस्यांना निरोप जाई: आजपासून हीच घ्या, विकू नका. दर रोज थोडा थोडा वर सरकत राही. उद्याचा भाव आजच्याहून वर जाणार हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे आज विकायला कुणी पुढे येत नसे, आणि मालच नसल्याने भाव आणखी चढे. म्होरके या काळात आपला साठा आपल्याच सदस्यांच्या गळ्यात घालून मोकळे होत. शेवटी ज्यांनी घेतलं त्यांच्या हातात वस्तू राहत, घेणारा कुणी राहत नसे. १ फेब्रुवारी २०११ रोजी मोकळा व्यापार परत सुरू करण्याआधी कंपनीने खेळाडूंचं मत घेतलं होतं. बारा लाखांवर मतं पडली, त्यातली ९१ टक्के मोकळ्या व्यापाराच्या बाजूने.

ईव्ह ऑनलाइनमधला २०१२ सालचा प्रकार तर वायदेबाजाराच्या अभ्यासक्रमात लावावा असा आहे. शत्रूचं जहाज फोडलं की त्यात भरलेल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात बक्षीस मिळे, आणि मालाची किंमत बाजारातल्या सरासरी भावावरून धरली जाई. काही खेळाडूंनी ज्या वस्तूला कुणी विचारत नव्हतं अशी वस्तू निवडली. आपापसातच अफाट भावाने तिचे सौदे केले. इतर सौदेच नसल्याने सरासरी आभाळाला भिडली. मग तो भिकार माल जहाजात भरून आपल्याच मित्राकडून ते जहाज फोडून घेतलं आणि बक्षिसं गोळा केली. हा डाव फार दिवस टिकला नाही. प्रत्येक सौद्याची नोंद कंपनीकडे होती: कुणी विकलं, कुणी घेतलं, किती वाजता, कुठल्या गोदामात. कंपनीने तो नफा काढून घेतला आणि बक्षिसाचा नियम बदलला. त्याच सुमारास काही मोठ्या टोळ्यांनी टेक्नेशियम नावाच्या एका खनिजाच्या बहुतेक खाणी ताब्यात घेऊन तेल-निर्यातदार देशांच्या धर्तीवर संघ केला होता. कंपनीने त्या खनिजाऐवजी दुसरं स्वस्त खनिज वापरता येईल अशी सोय केली आणि संघाची मक्तेदारी मोडली.

आता आपल्याकडच्या बाजाराकडे वळू, सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या पाटणपासून.

कोयना आणि केरा यांच्या संगमावरचं हे गाव. वर हेळवाकच्या बाजूला कोयनेचं धरण, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, खाली कराडचा रस्ता. तालुक्यातली पोरं इतर कुठल्याही तालुक्यातल्या पोरांसारखीच मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. त्या खेळात खेळाडूंना आपापसात वस्तू विकायची सोय नाही, म्हणून तिथे रूनस्केपसारखी पेठ उभी राहत नाही. त्यामुळे खेळाचा धागा मी तूर्तास बाजूला ठेवतो. पाटणचा बाजाराशी संबंध मोबाइलच्या फार आधीचा आहे, आणि तो पाठीवरचा आहे. या खोऱ्यातली माणसं मुंबईत मशीद बंदरच्या गोदामांत आणि पुढे वाशीच्या घाऊक बाजारात पोती उचलायला गेली. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला, माथाडी मंडळं आली, मजुरीची रीतसर नोंद होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. मिरची, हळद, कांदा, गूळ, कडधान्यं असा मुंबईने खाल्लेला कितीतरी माल पाटण, जावळी, खटावच्या पाठीवरून गेलेला आहे.

हमालाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोदामात माल किती आहे हे त्याला ठाऊक असतं. व्यापारी ‘माल नाही’ म्हणत असताना थप्पी कुठवर चढली आहे हे ज्याने चढवली त्याला दिसतं. त्याचा भाव ठरवण्यात काही वाटा नसतो, पण साठा त्याच्या खांद्याला माहीत असतो. सौद्याच्या वेळी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र भाव ऐकू येतो आणि साठा दिसत नाही.

कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीला येतं. सांगलीच्या जरा खाली हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाजवळ. इथल्या जमिनीत हळदीची पेवं होती. पंधरा-वीस फूट खोल, तोंडाशी अरुंद, आत पोटासारखी रुंद होत जाणारी. माती अशी की ओल आत शिरत नाही. आत हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं रंगासकट टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. ते काही तास मोकळं ठेवत, मग आत कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आत माणूस जगणार नाही. वीज नाही, यंत्र नाही, औषधाची फवारणी नाही, आणि माल सुरक्षित. सांगली हळदीची पेठ झाली त्यात वखारभागातल्या आणि गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांइतकाच या मातीचा वाटा आहे. सांगलीच्या यार्डात येणारी हळद नुसती सांगली-साताऱ्याची नसते. मराठवाडा, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र इथूनही ती येते, कारण इथे घेणारे आहेत आणि ठेवायची परंपरा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळद कुजली. अतिवृष्टी, कोयनेतला विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा यांतलं कशाचं किती, यावरचा वाद अजून चालू आहे. २०१९ ला पाणी पुन्हा आलं. पेवं बहुतेक संपली, माल आता गोदामांत आणि शीतगृहांत जातो. पेवाचा एक गुण मात्र या सगळ्यांकडे तसाच आला आहे. तोंड बंद केल्यावर आत किती आहे, हे बाहेरच्याला कळत नाही.

सांगलीला वायदा नवा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५२ चा वायदे करार नियमन कायदा झाला, १९५३ ला फॉरवर्ड मार्केट्स कमिशन आलं. साठच्या दशकात टंचाईच्या भीतीने बहुतेक मालांचे वायदे बंद झाले, तरी जी मोजकी गावं आणि मोजके माल टिकले त्यात सांगलीची हळद होती. कोचीला मिरी, हापूर-मुझफ्फरनगरला गूळ, सांगलीला हळद. ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही सांगलीची मान्यताप्राप्त संस्था होती. त्या वायद्यात बोली लावणारे एकमेकांना ओळखत, कुणाचं पेव कुठे आहे याचाही थोडाफार अंदाज असे. फसवाफसवी तेव्हाही होती. पण फसवणारा त्याच पेठेत संध्याकाळी भेटत होता.

२००३ साली सरकारने वायद्यांवरची बंदी जवळजवळ पूर्ण उठवली. मुंबईत एनसीडीईएक्स हा वायदेबाजार सुरू झाला, आणि २००४ पासून हळदीचा वायदा देशभर संगणकावर चालू झाला. त्याचं मूळ केंद्र निझामाबाद. पडद्यावर जो भाव दिसतो तो तिथल्या प्रतीच्या हळकुंडाचा. सांगलीच्या यार्डातली राजापुरी, सेलम, गड्डा, कणी यांचे भाव वेगवेगळे असतात, पण अडत्याच्या हातातल्या मोबाइलवर तो एकच आकडा हलत असतो. एक सौदा आता ५ टनांचा. त्याची सगळी रक्कम भरावी लागत नाही, काही टक्के ठेव ठेवली की झालं. म्हणजे हळद कधी हातात न धरलेला माणूस इंदूर, अहमदाबाद किंवा मुंबईत बसून शेकडो टन हळद घेऊ-विकू शकतो.

वायद्याला सरसकट दोष देणाऱ्यांत मी नाही. मे महिन्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावणाऱ्याला पुढच्या मार्चच्या भावाचा काही अंदाज मिळत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. नऊ महिन्यांचं पीक, वर शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं. एवढ्या लांबच्या कामाला खाली कुठे तरी आधार हवा. खेळात तो असतो. रूनस्केपमध्ये एक मंत्र आहे, तो म्हटला की वस्तू ठरलेल्या नाण्यांत बदलते. त्यामुळे त्या वस्तूचा भाव कितीही पडला तरी त्या नाण्यांच्या फार खाली जात नाही. आपल्याकडे हेच काम हमीभावाने करायचं असतं, आणि केंद्राच्या हमीभावाच्या यादीत हळद नाही. ऊस लावणाऱ्या शेजाऱ्याला एफआरपी आहे, सोयाबीनवाल्याला निदान कागदावर तरी हमीभाव आहे. हळदवाल्याला पडद्यावरचा आकडा आहे.

आणि तो आकडा कसा हलतो ते पाहा. २०१० च्या उत्तरार्धात हळदीचा वायदा क्विंटलला सोळा हजारांच्या आसपास पोहोचला. तुटवडा खरा होता, आधीच्या वर्षांत भाव नसल्याने लागवड कमी झाली होती. तो भाव पाहून चहूकडे हळद लागली. २०१२ च्या सुरुवातीला तीच हळद चार-पाच हजारांत जात होती. बेणं महाग असताना ज्यांनी कर्ज काढून बेणं घेतलं त्यांचं काय झालं असेल, हे सांगायला आकडे लागत नाहीत. पुढे दहा वर्षं भाव त्या उंचीला पुन्हा गेला नाही, शेवटी लागवड पुन्हा घटली. २०२३ च्या वसंतात सात हजारांच्या आसपास असलेला वायदा ऑगस्टच्या सुरुवातीला अठरा हजारांवर गेला. त्या जूनमध्ये पाऊस लांबला होता, निर्यातीची मागणी होती. काही महिन्यांत भाव बराच खाली आला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा वीस हजारांपर्यंत चढला.

यातलं किती खऱ्या तुटवड्याचं आणि किती साठेबाजीचं? हा प्रश्न विचारला की व्यापारी पाऊस दाखवतात, शेतकरी नेते सटोडिया दाखवतात, आणि दोघांकडेही पुरावा नसतो. पुरावा असता तर तो गोदामात असता.

इतर मालांत काय झालं ते मात्र नोंदलेलं आहे. गवार हे राजस्थानातलं साधं पीक. अमेरिकेत खडकातून तेल काढायला त्याचा डिंक लागू लागला. मागणी खरीच होती, पण २०११-१२ च्या हिवाळ्यात वायदा दिवसेंदिवस वरच्या मर्यादेला जाऊन अडकू लागला. विकणारा पुढे येईना, कारण उद्या अजून मिळणार. रूनस्केपच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेने जे केलं तेच इथे दररोजच्या मर्यादेने केलं. गवारीचं बी क्विंटलला तीस हजारांच्या घरात पोहोचलं तेव्हा, मार्च २०१२ मध्ये, वायदा बंद करावा लागला. तो उघडला वर्षभराने, मे २०१३ मध्ये. त्याआधीच, २०१२ च्या डिसेंबरात, कोचीच्या गोदामांतल्या वायद्याच्या मिरीवर खनिज तेल चोपडलेलं असल्याच्या तक्रारीवरून अन्नसुरक्षा खात्याने ती सील केली. हजारो टन मिरी कागदावर होती, खाण्यालायक आहे की नाही याचा पत्ता नव्हता. २०१६ च्या जानेवारीत एरंडीचा वायदा असाच थांबवावा लागला, आणि सेबीने चौकशी करून काही बड्या खरेदीदारांना बाजारातून दूर ठेवलं. तोवर फॉरवर्ड मार्केट्स कमिशन सेबीत विलीन झालं होतं, सप्टेंबर २०१५ मध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, भात, हरभरा, मोहरी, सोयाबीन, पामतेल, मूग यांचे वायदे सेबीने बंद केले. हळद त्या यादीत नव्हती, ती चालू राहिली.

या सगळ्यात एक क्रम दिसतो. आधी गडबड होते, मग भाव फुटतो, मग वायदा बंद, मग चौकशी, मग वर्षांनी आदेश. खेळात क्रम उलटा असतो. कंपनीला रोज दिसत असतं, म्हणून तिथे नियम चालू खेळात बदलता येतो. एका खेळाडूला चार तासांत एखादी वस्तू ठरावीक नगांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा नियम रूनस्केपच्या पेठेत आहे. साठा करायचा तर दिवस लागतात आणि ते दिवस कंपनीला मोजता येतात. खेळाच्या मालकाची सत्ता न्यायाचीच असते, असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ची मालक असलेल्या वॉल्व्हने महागड्या चाकूंच्या अदलाबदलीचा एक नियम बदलला आणि खेळाडूंनी जपलेल्या वस्तूंच्या एकूण किमतीतून सुमारे दोन अब्ज डॉलर दोन दिवसांत वितळून गेले. कुणाला विचारलं नव्हतं. तशी सत्ता हळदीवर कुणाकडेच नसावी. पण तिथल्या पाहण्यातलं थोडं तरी आपल्याकडे यायला हवं.

सांगलीच्या यार्डात दरवर्षी नव्या हळदीच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या कलमाला मानाचा भाव मिळतो. यात काही गैर नाही, सणाची रीत आहे. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक येतो तो त्या एका कलमाचा भाव. कराड, वाळवा, वाईकडचा शेतकरी तो वाचतो, मनात हिशेब मांडतो, उचल घेतो. आठवड्याभरात त्याची गाडी यार्डात लागते तेव्हा त्याला कळतं की तो आकडा दोन-चार पोत्यांचा होता. ईव्ह ऑनलाइनमध्ये थोड्या सौद्यांवरून सरासरी काढल्याने जी गल्लत झाली, ती इथे कुणाच्या कपटाशिवाय होते. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते, सोबत आवकही देते. बातमीत कमाल येतो. सर्वसाधारण भाव आणि आवक ही दोन्ही ठळक छापणाऱ्या वार्ताहराने शेतकऱ्याचं फार मोठं काम केलं, असं मी समजेन.

आवक कळते, हे खरं. आत किती आलं ते फळ्यावर लागतं. पण आधीचं किती पडून आहे, हे नाही. एनसीडीईएक्स आपल्या मान्य गोदामांतला साठा जाहीर करतं, तो एकूण मालाचा लहानसा तुकडा असतो. गोदाम नियमनाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली नोंदलेल्या गोदामांच्या इलेक्ट्रॉनिक पावत्याही आहेत, पण नोंद नसलेली गोदामं कितीतरी आहेत. केंद्राच्या आकड्यानुसार २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरवर ११.६१ लाख टन हळद पिकली, १.५३ लाख टन निर्यात झाली, आणि जगातली पाऊण हळद आपण पिकवतो. जगातली पाऊण हळद आपली, आणि तिच्यातली किती आज कुठल्या शेडमध्ये आहे याचा एक आकडा साताऱ्याच्या शेतकऱ्याला मिळत नाही. तो आकडा मोठ्या खरेदीदाराकडे असतो. त्याची माणसं निझामाबाद, इरोड, वसमत, सांगली फिरत असतात, गोदामवाले त्याला ओळखतात. दोघं एकाच सौद्यात समोरासमोर उभे राहतात तेव्हा एकाला पेव किती भरलंय हे ठाऊक असतं आणि दुसऱ्याला फक्त मोबाइलवरचा भाव. पुढचं सगळं त्यातूनच घडतं. अफवा चालते ती यामुळेच: ‘तेलंगणात माल फार पडलाय’ म्हटलं की घाबरून विकणारे निघतात, कारण खरं-खोटं पडताळायला काही नाही.

व्यापाऱ्यांची एक भीती खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. साठा सांगितला की उद्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली धाड पडेल, साठ्यावर मर्यादा येईल, अशी ती भीती. कांद्यात आणि डाळीत हे घडलेलं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या पोत्यांनाही त्यात ओढलं तर अन्यायच होईल. म्हणून मागणी नेमकी हवी. एकेका व्यापाऱ्याचा साठा उघड करायचा नाही. ईव्ह ऑनलाइनचा मासिक अहवालही एकेका खेळाडूचं कोठार उघडून दाखवत नाही, तो प्रदेशांची बेरीज देतो. हळदीलाही तेवढंच हवं: जिल्हावार बेरीज, जुना माल किती, नवा किती, मागच्या आठवड्यापेक्षा किती कमी-जास्त. धाडीला उपयोग नाही, सौद्याला मात्र भरपूर.

याला दाखला आहे. गव्हासाठी केंद्राने १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी, मोठे विक्रेते आणि प्रक्रियादार यांनी दर शुक्रवारी पोर्टलवर साठा नोंदवावा असा आदेश काढला. तुरीसारख्या डाळींसाठीही तशी साप्ताहिक नोंद सुरू झाली. गव्हाचा ग्राहक मोठा आहे, मतदार मोठा आहे, म्हणून ते झालं. पण हळदीसाठीही आता संस्था आहेत. राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन १४ जानेवारी २०२५ रोजी झालं, त्याचं मुख्यालय निझामाबादला आहे. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र आहे, सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे, तिथून फुले स्वरूपासारखी वाणं निघाली आहेत. बियाण्यावर, करपा-कंदकुजीवर, शिजवण्याच्या कुकरवर या संस्थांनी काम केलं आहे, आणि तेही लागतंच. साठ्याचा आकडा मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत मला दिसला नाही. हळद मंडळाने तो घ्यावा.

आणि दिल्ली-निझामाबादची वाट न पाहता सांगलीलाही सुरुवात करता येईल. परवानाधारक व्यापाऱ्यांची यादी बाजार समितीकडे आहे, आवकेची नोंद आहे, सेसच्या पावत्या आहेत. यार्डातल्या थप्प्या लावणाऱ्या हमालांच्या तोलाई-हमालीच्या नोंदी आहेत. गोदामात पोतं शिरलं आणि निघालं हे दोन्ही वेळा कुणाच्या तरी पाठीवरून गेलं आहे, आणि त्या उचलीचा हिशेब कुठे ना कुठे लिहिलेला आहे. अडत्यांच्या संघटनेने आणि खरेदीदारांनी मनावर घेतलं तर ही बेरीज दर शनिवारी यार्डाच्या फळ्यावर लावता येईल. दिवाळीत हळदीचं पीक शिवारात उभं असतं, कंद पोसत असतो. जानेवारी संपता संपता नवा माल यार्डात यायला लागतो, त्याआधी जुन्या मालाची मोजणी करायला हातात तीन महिने असतात.